मागच्या खोलीतला रेडिएटर

जानेवारीतल्या एका सकाळी सासूबाई चहाचा कप पुढ्यात ठेवून बराच वेळ नुसत्याच बसून राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "माझं परतीचं तिकीट जरा अलीकडचं करून मिळतंय का, बघशील?"

नवरा दाराशी वाकून स्नोबूट चढवत होता. त्याला शिकागोची गाडी पकडायची होती. तो तसाच वाकलेला राहिला.

"का गं आई? काय झालं?"

"झालं काही नाही. तीन महिन्यांचं ठरलं होतं खरं, पण बास झालं आता."

"अगं, पण तिकडे एकटी काय करणार आहेस?"

"इथे तरी काय करतेय?" त्या म्हणाल्या. आवाजात राग अजिबात नव्हता. कप उचलून त्यांनी चहा प्यायला आणि कप विसळायला उठल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग तो गेला. स्टेशन घरापासून चालत जाण्यासारखं होतं, म्हणूनच तर शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं ते जुनं घर आम्ही भाड्याने घेतलं होतं. आमच्या ओळखीची बाकीची मंडळी गावाच्या दक्षिणेला, नव्या वसाहतीत राहायची. तिथे जमिनीतल्या जाळीतून गरम हवा यायची. आमच्याकडे मात्र प्रत्येक खोलीत खिडकीखाली ओतीव लोखंडाचा एकेक रेडिएटर होता, म्हशीएवढा जड. बेसमेंटमध्ये बॉयलर पाणी तापवायचा, ते पाणी पाइपांतून या रेडिएटरांमध्ये फिरायचं आणि घर ऊबदार व्हायचं. निदान व्हायला हवं होतं.

सासरे गेले त्याला तेव्हा जेमतेम पाच-सहा महिने झाले होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि सासूबाईंनी एकटीने सगळं केलं होतं. ते गेल्यावर साताऱ्याच्या घरात त्यांना पहिला हिवाळा एकटीने काढू द्यायचा नाही म्हणून नवरा हट्टाने त्यांना घेऊन आला. त्यामुळे त्यांनी तिकिटाचं काढलं तेव्हा आम्हा दोघांना एकच वाटलं, की त्यांना करमत नाहीये. दु:ख माणसाच्या बरोबर विमानात बसून येतं, असं काहीतरी नवरा आदल्याच आठवड्यात मला म्हणाला होता.

तो गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. माझ्या व्हिसावर तेव्हा मला नोकरी करता येत नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सासूबाईंबरोबर सलग असं मी कधी राहिलेच नव्हते. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत आणि कधी मोकळंही बोलल्या नाहीत. दिवसभर आम्ही एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागायचो. "आई, चहा टाकू?" "तुला हवा असेल तर टाक." "आई, टीव्ही लावू?" "तुला बघायचा असेल तर लाव."

त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "आई, खरं सांगा. काही कमी पडतंय का?"

त्या पालक निवडत होत्या. "झोप लागत नाही गं," त्या म्हणाल्या.

"बाबांची आठवण येते?"

"ती येतेच. पण त्याने झोप जात नाही. तो आवाज आहे ना, त्याने जाते."

"कुठला आवाज?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "तुला ऐकू येत नाही?"

ऐकू येत होता. म्हणजे, घर आवाज करायचं हे मला माहीत होतं. पहिल्या हिवाळ्यात मीही दचकायचे. घरमालकांना नवऱ्याने फोन केला होता तेव्हा ते हसून म्हणाले होते, जुनं घर आहे, थोडं बोलतं. मग आम्हाला सवय झाली आणि आवाज कानावर पडेनासा झाला.

सासूबाईंना अशी सवय होणं शक्य नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती, ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम. कानाला रिसीव्हर लावून, खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचा कान तसाच होता. शेजारच्या खोलीत फ्रिजचं दार नीट लागलं नाही तर त्या मोटरच्या आवाजावरून सांगायच्या.

"चल, दाखवते," त्या म्हणाल्या आणि पालक तसाच ठेवून उठल्या.

त्यांची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला होती. जिने चढायला नकोत म्हणून आम्ही ती त्यांना दिली होती. आम्ही पलंगावर शेजारी शेजारी बसलो. बेसमेंटमध्ये बॉयलर सुरू झाल्याची घुरघुर आली. थोड्या वेळाने रेडिएटरमध्ये कोणीतरी चूळ भरल्यासारखा आवाज सुरू झाला, मग घोटाघोटाने पाणी उतरल्यासारखा. आणि त्यानंतर, अगदी वेगळा, कोरडा, टक. टक-टक. थांबून पुन्हा टक.

"हे दोन आवाज आहेत," सासूबाई म्हणाल्या. "एक पाण्याचा. दुसरा लोखंडाचा. पाण्याचा एक वेळ चालेल. आणि हात लाव याला."

मी रेडिएटरला हात लावला. खाली चटका बसण्याइतका गरम आणि वर गारढोण. खिडकीच्या काचेला आतून बर्फाची नक्षी धरली होती. पलंगावर दोन रजया होत्या, त्यावर त्यांनी स्वतःबरोबर आणलेली गोधडी, उशीशी लोकरीची कानटोपी. त्या खोलीत त्या कानटोपी घालून झोपत होत्या आणि आम्हाला वाटत होतं की त्यांना करमत नाही.

मी घरमालकांना फोन लावला. ते हिवाळ्यात फ्लॉरिडाला असायचे. भला माणूस होता. प्लंबरला सांगतो म्हणाले, पण थंडीची लाट असल्यामुळे सगळ्यांचेच पाइप गोठलेत, त्याला यायला पुढचा आठवडा उजाडेल. तोवर रेडिएटरमधली हवा काढून बघा, त्याची किल्ली बेसमेंटमध्ये कुठेतरी असेल. मी बेसमेंट पालथं घातलं. रंगाचे वाळलेले डबे सापडले, बर्फावरून घसरायची एक गाडी सापडली, किल्ली काही सापडली नाही.

मग मी डॉक्टरकाकूंना फोन केला. गावातल्या मराठी लोकांत सगळ्यांत आधी आलेल्यांपैकी त्या एक. मूळच्या नागपूरच्या, भूल देणाऱ्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. स्टेशनपलीकडे त्यांचं जुनं दुमजली घर होतं आणि तिथे असेच रेडिएटर मी पाहिले होते.

"अगं, मग आधी फोन नाही का करायचा!" त्या म्हणाल्या. "बॉयलर बंद करून ठेव. थर्मोस्टॅट खाली कर. पाणी जरा कोमट होऊ दे. मी जेवून येते."

जेवून त्या आल्या. त्यांची गाडी एवढी मोठी की ड्राइव्हवेवरचा बर्फ आपोआप दबला. अंगात जाडजूड कोट, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी. पर्समधून त्यांनी पितळेची एक छोटीशी किल्ली काढली, घड्याळाला किल्ली द्यायची असते ना, तशी.

सासूबाईंना नमस्कार करून त्या म्हणाल्या, "तुमच्या खोलीत थंडी वाजते म्हणे. मग सांगत का नाही तुम्ही? इथे न सांगता कोणाला काही कळत नाही हो."

"दुसऱ्याचं घर," सासूबाई म्हणाल्या.

"मुलाचं घर आहे."

"तेच म्हणतेय मी."

डॉक्टरकाकू मोठ्याने हसल्या. सासूबाईही थोड्या हसल्या. मला हसावं की नाही कळेना.

आधी आम्ही तिघी बेसमेंटमध्ये उतरलो. बॉयलरच्या अंगावर काटा असलेली एक गोल तबकडी होती. डॉक्टरकाकूंनी चष्मा वर करून ती पाहिली. "बघ, काटा बाराच्या वर हवा. हा पाचावरसुद्धा नाही. बीपी लो आहे याचं. पाणी कमी, म्हणून वरपर्यंत पोचत नाही आणि मोकळ्या जागेत हवा बसते. सिस्टिममध्ये आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह असतो, तो अडकलेला दिसतोय. तो प्लंबर बदलेल. आपण आता हाताने भरू." त्यांनी एक छोटी दांडी उचलली. पाइपातून पाणी शिरल्याचा सूं आवाज आला. काटा हळूहळू वर सरकला. बाराच्या थोडा पुढे गेल्यावर त्यांनी दांडी परत खाली केली.

शेजारचा, पाणी फिरवणारा पंप त्यांनी मिनिटभर चालू केला, त्याला भिंतीवर टांगलेला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि त्याची मूठ आपल्या कानाला लावली. "पंप चांगला आहे," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी लगेच हात पुढे केला. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून, डोळे मिटून त्यांनी ऐकलं.

"अगदी स्वच्छ ऐकू येतं," त्या म्हणाल्या. तीन-चार आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला उत्सुकता दिसली.

मग मागच्या खोलीत आलो. डॉक्टरकाकूंनी पंप पुन्हा बंद केला होता, बॉयलर बंदच होता. रेडिएटरच्या वरच्या टोकाला चौकोनी डोक्याचा एक बारीक, फिरकीचा खिळा होता. त्याखाली त्यांनी वाटी धरली, किल्ली बसवली आणि अगदी थोडी फिरवली. फुस्स करून हवा सुटली. गंजाचा, जुन्या विहिरीसारखा वास आला. बराच वेळ हवा येत राहिली. मग थुंकी उडावी तसे चार थेंब, पुन्हा हवा, आणि शेवटी पाण्याची बारीक, अखंड धार. पाणी शाईसारखं काळं.

"धार आली की बंद. इतकं सोप्पं आहे," डॉक्टरकाकू म्हणाल्या. "खालच्या खोल्या आधी, वरच्या शेवटी. मध्ये मध्ये काटा बघायचा, उतरला की पाणी भरायचं. आणि हे लक्षात ठेव, स्क्रू अर्धाच फिरवायचा. अर्ध्याच्या पुढे नाही."

त्यांना कुठल्यातरी नातवाला शाळेतून आणायचं होतं. किल्ली आमच्याकडे ठेवून त्या गेल्या.

खालच्या खोल्या आम्ही दोघींनी व्यवस्थित केल्या. मी किल्ली फिरवायची, सासूबाईंनी वाटी धरायची. त्या कान जवळ नेऊन सांगायच्या, "अजून आहे... आहे... आता येईल... आलं!" आणि खरोखरच त्या म्हणाल्या की पाणी यायचं. नंतर नंतर मी त्यांच्या सांगण्यावरच किल्ली बंद करू लागले.

"वर मी एकटी जाते," मी म्हणाले. "तुमचे गुडघे."

"गुडघ्यांना मी बघते," म्हणून त्या कठडा धरून वर आल्या. आमच्या झोपायच्या खोलीत त्या पहिल्यांदाच आल्या असाव्यात. मी आधी पळत जाऊन खुर्चीवरचे कपडे कपाटात कोंबले.

तिथला खिळा घट्ट बसला होता. मी जोर केला, हलेना. आणखी जोर केला आणि तो एकदम फिरला, नुसता फिरलाच नाही तर सबंध निघून टण्णकन कुठेतरी पडला. आधी हवा आली आणि पाठोपाठ काळ्या पाण्याची पिचकारी थेट माझ्या तोंडावर.

"आई!" मी ओरडले.

सासूबाईंनी वाटी टाकली आणि पुढे होऊन अंगठ्याने भोक दाबून धरलं. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी उडायला लागलं, भिंतीवर, पडद्यावर, त्यांच्या पांढऱ्या केसांवर.

"भाजतंय का? आई, सोडा, हात भाजेल!"

"कोमट आहे. तू खिळा शोध."

मी पलंगाखाली शिरले, रेडिएटरखाली हात घातला, गालिचा उचलला. खिळा कुठेच नाही.

"कुठे पडला, ऐकलं नाहीस?" अंगठा दाबत त्या म्हणाल्या. "धातूवर पडला. एकदा वाजला, मग घरंगळला. खिडकीकडे बघ. गालिच्यावर नाही पडलेला, लाकडावर घरंगळलाय."

खिडकीच्या कडेला, भिंतीच्या फटीशी तो मिळाला. मी तो बसवायला गेले. त्यांनी अंगठा काढला, पुन्हा पिचकारी, पुन्हा अंगठा. खिळा माझ्या ओल्या बोटांतून निसटत होता.

"घाबरू नको गं. पाणीच आहे," त्या म्हणाल्या. "मी तीन म्हटलं की लाव. एक, दोन..."

त्यांनी तीन म्हटलं आणि या खेपेला तो बसला. मी किल्लीने घट्ट केला. पाणी थांबलं.

आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो. त्यांच्या फिकट निळ्या साडीवर काळे शिंतोडे, नाकावरून एक ओघळ हनुवटीपर्यंत आलेला. माझं काय झालं होतं ते मला समोरच्या आरशात दिसत होतं. पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. पण सासूबाई हसायला लागल्या की त्यांना थांबता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. "अर्ध्याच्या पुढे नाही," त्या डॉक्टरकाकूंच्या सुरात म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

तेवढ्यात नवऱ्याचा ऑफिसातून फोन आला. "काय चाललंय?" त्याने विचारलं.

"हवा काढतोय," मी म्हणाले.

"तू आणि आई? प्लीज काही तोडू नका. प्लंबर येऊ दे."

"तुटून परत बसवूनही झालं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आंघोळी उरकून, कपडे भिजत टाकून आम्ही बॉयलर सुरू केला. मागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसलो. रेडिएटर खालून वरपर्यंत सारखा तापला. पाण्याचा आवाज एकदम बंद. खोली हळूहळू अशी ऊबदार झाली की काचेवरची नक्षी खालच्या कडेने वितळायला लागली. मी आनंदाने त्यांच्याकडे पाहिलं.

टक.

त्यांचा चेहरा पडला. टक-टक. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"आई, पाण्याचा तर गेला," मी म्हणाले. "तो एक वेळ चालेल म्हणत होतात ना तुम्ही, तो गेला. आता हाही जाईल."

"हा जायला हवा होता," त्या म्हणाल्या.

त्यांच्या स्वरात काहीतरी होतं.  मग त्या खिडकीकडेच बघत बोलू लागल्या.

"ह्यांची वाचा गेली होती, तुला माहीत आहे. उजवा हातही गेला होता. डाव्या हातात अंगठी होती, ती ते लोखंडी कॉटच्या दांडीवर वाजवायचे. मी स्वयंपाकघरात असले, डोळा लागलेला असला, तरी तेवढं ऐकू यायचं. एकदा वाजवलं की पाणी. दोनदा म्हणजे कूस बदलायची. असं काही ठरवलेलं नव्हतं, आपोआप ठरत गेलं." त्यांनी खिडकीखालच्या रेडिएटरकडे बोट केलं. "हे अगदी तस्संच वाजतं गं. थांबून, मग दोनदा. मी उठून बसते. पाय खाली टाकते, चपला शोधते. मग कळतं, कुठे आहोत आपण. मग पडून राहते आणि पुन्हा वाजतं."

 मी विचारलं, "तो आवाज... तुम्हाला हवासा वाटतो का? राहू द्यायचा का?"

त्या वळल्या. "छे!" त्या म्हणाल्या. "ते सुटले. दोन वर्षं हाल हाल झाले त्यांचे, आणि सुटले. आता त्यांनी मला बोलवू नये आणि मी उठू नये. बंदच करायचा तो."

मी डॉक्टरकाकूंना पुन्हा फोन केला. कॉटचं काही सांगितलं नाही, नुसतं आवाजाचं वर्णन केलं.

"ती हवा नाही," त्या म्हणाल्या. "पाइप तापला की लांब होतो. कुठेतरी लाकडाला घट्ट लागून जात असेल, तिथे अडकतो आणि सुटतो, तो टक. आमच्याकडे डायनिंगच्या खाली होता. जागा शोधा आणि मध्ये काहीतरी घाला, गुळगुळीत काहीतरी. मी दुधाच्या कॅनचं प्लास्टिक कापून घातलं होतं. इतकी वर्षं झाली, अजून आवाज नाही."

दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन आमच्याकडे भरपूर होते. एवढा चांगला डबा टाकवत नाही म्हणून सासूबाईंनी ते धुऊन एका रांगेत ठेवले होते आणि मी त्यांचा डोळा चुकवून एखाददुसरा फेकत होते.

बेसमेंटच्या छताला लाकडी तुळया होत्या आणि त्यांच्यामधून पाइप गेलेले. मागच्या खोलीच्या खाली उभं राहिल्यावर आवाज येत होता, पण नेमका कुठून ते कळेना. लाकूड सगळीकडे तो पोचवत होतं. मी स्टुलावर चढून डॉक्टरकाकूंसारखा स्क्रू-ड्रायव्हर लावायला गेले, पण त्याची लांबी पुरेना. सासूबाई वर गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या.

"उतर," त्या म्हणाल्या.

"आई, स्टुलावर तुम्ही नका चढू."

"मग तू धर मला."

मी त्यांची कंबर धरली. त्या स्टुलावर चढल्या, लाटण्याचं एक टोक तुळईला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. आम्ही आवाजाची वाट बघत होतो. इतके दिवस नको असलेला तो आवाज आता येता येईना. मग आला. त्यांनी मान हलवली, "इथे नाही." स्टूल पुढे सरकवलं. पुन्हा वाट. "जवळ आलो." आणखी पुढे. एका ठिकाणी पाइप वळून वर त्यांच्या खोलीत शिरत होता. जमिनीतलं भोक पाइपापुरतंच पाडलेलं, आणि पाइप एका बाजूने लाकडात रुतलेला. तिथे त्यांनी लाटणं टेकवलं आणि त्या आवाजासरशी दचकल्या, इतका तो मोठा आला असावा.

"हाच," त्या म्हणाल्या.

मी एक कॅन कात्रीने कापला. पट्टी केली, पण ती आत सरकेना, दुमडायची. पाइप तापलेला, हात लावता येत नव्हता. मी खालून पट्टी देत होते, त्या ती लाटण्याने आत ढकलत होत्या, आणि अशा अवस्थेत जिन्यावर पावलं वाजली. नवरा कामावरून आला होता. ओव्हरकोट, खांद्यावर बॅग. त्याने पाहिलं ते हे: त्याची आई स्टुलावर, हातात लाटणं, आणि मी तिला धरून, तोंडात प्लास्टिकची पट्टी.

"आई, तू आधी खाली उतर," तो म्हणाला.

"आता सापडलंय तर कशी उतरू?"

"प्लंबर येणार आहे ना! एका आवाजासाठी एवढं काय..."

मी त्याला खुणेने गप्प करायला बघत होते. पण सासूबाईंनीच त्याला सांगितलं, स्टुलावरूनच, मला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात. अंगठी, कॉट, पाणी, कूस. "तुला माहीत नाही, तू नव्हतास," त्या म्हणाल्या. त्यात दोष देणं नव्हतं. तो खरंच नव्हता. त्याला शेवटच्या आठवड्यात रजा मिळाली तेव्हा सासऱ्यांचा डावा हातही उचलत नव्हता.

नवरा खालच्या पायरीवर बसला. कोटावरचा बर्फ वितळून पायरीवर पाणी साचत होतं. "बाबा अंगठी वाजवायचे?" त्याने विचारलं.

"रागावले की जोरात वाजवायचे. वरण अळणी झालं की."

त्याला हसू आलं, आणि लगेच त्याने हाताने तोंड झाकून घेतलं. सासूबाई खाली उतरल्या, त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि त्याच्या ओल्या कोटावर हात ठेवला. मी वर जाऊन पोळ्यांचं पीठ मळायला घेतलं. माझं तिथे काही काम नव्हतं.

पिठाला मी फार वेळ लावला. खालून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मग बॉयलर बंद केल्याचं कळलं. मी परत गेले तेव्हा नवरा बाह्या सरसावून स्टुलावर उभा होता. पाइप निवल्यावर तो आखडला होता आणि लाकडात बारीकशी फट पडली होती. लाकडाचा एक तुकडा तरफेसारखा घालून तो पाइप बाजूला रेटत होता आणि सासूबाई दुहेरी केलेली पट्टी आत सरकवत होत्या.

"अजून थोडी," त्या सांगत होत्या. "ओढ. बास."

बॉयलर पुन्हा लावला. तिघं मागच्या खोलीत जाऊन बसलो, पलंगावर ओळीने. रेडिएटर तापत गेला. आम्ही थांबलो. नवरा काही बोलणार होता, सासूबाईंनी त्याचा गुडघा दाबला. पूर्ण तापला. काही नाही. रस्त्यावरून बर्फ काढायची गाडी गेली तिचा तेवढा आवाज आला.

"जेवायला चला," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या नाहीत. नवरा गाडीला गेला, ऊन खिडकीत आलं, तरी दार बंदच. मला भीती वाटली. मी हळूच दार ढकललं. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, कानटोपी उशीवर काढून ठेवलेली. रजई खाली सरकली होती. मी दार लावून घेतलं आणि माझ्यापुरता चहा केला.

पुढच्या आठवड्यात प्लंबर आला, त्याने तो अडकलेला व्हॉल्व्ह बदलला, मी दाखवलेली प्लास्टिकची पट्टी पाहून ठीक आहे म्हणाला आणि गेला. तिकिटाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. नवऱ्याने एकदा विचारलं असावं, कारण मला पलीकडून सासूबाईंचं उत्तर ऐकू आलं, "राहू दे आहे तसं."

त्यांचं दु:ख काही त्या पट्टीने गेलं नाही. कधीकधी भाजी चिरता चिरता त्या थांबायच्या आणि मी विचारायचे नाही. पण झोप पुरी झालेला माणूस वेगळाच असतो. त्या मला हाक मारून बोलवू लागल्या, चहात साखर कमी आहे म्हणू लागल्या, माझं वरण पातळ होतं असंही एकदा म्हणाल्या. मला बरं वाटलं.

फेब्रुवारीच्या शेवटाला बर्फ विरघळायला लागला. नदीकाठच्या वाटेवरून वाचनालयापर्यंत मी त्यांना दोनतीनदा नेलं. मग एका दुपारी मी फोनवर असताना त्या स्वेटर, कोट, मोजे सगळं चढवून दाराशी उभ्या राहिल्या. "जाऊन येते," म्हणाल्या. मी फोन ठेवेपर्यंत त्या रस्त्याला लागल्याही होत्या. खिडकीतून मी बघत राहिले. कोपऱ्यावर त्या थांबल्या, दोन्ही बाजूंना नीट पाहिलं, एका गाडीवाल्याने हात करून त्यांना जायला सांगितलं तेव्हा त्यालाही हात केला आणि पलीकडे गेल्या.

परत आल्या तेव्हा नाक आणि गाल लाल झाले होते. नदीवर बदकं आली आहेत, त्यातल्या एकाच्या डोक्याचा रंग इथल्या पडद्यासारखा हिरवा आहे, आणि तिथल्या बाकावर एक म्हातारी बाई विणत बसते, तिने त्यांच्या अंगावरच्या स्वेटरचा टाका कसा घातला ते विचारलं, असं सगळं त्यांनी कोट काढता काढताच सांगितलं.

"तिला काय सांगितलंत मग?" मी विचारलं.

"सांगितलं नाही, करून दाखवलं. उद्या सुया घेऊन ये म्हणालीये, खुणेने," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे जाड लोकर आहे का गं?"